कर्ज फेडत असताना शिल्लक टाकायची का? आमची वही मांडते आहे

उंबरठा

नमस्कार. सात-आठ वर्षं मी या मंचावर नुसती वाचत असते. आज घरातली गोष्ट लिहिते आहे, यजमानांना विचारूनच.

आम्ही नाशिकला असतो. हे अंबडला एका कारखान्यात आहेत, मी घरी पाचवी ते आठवीच्या शिकवण्या घेते. मुलगी सहावीत, सासूबाई आमच्याजवळ. तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांचं आजारपण आणि पाठोपाठ नणंदेचं लग्न झालं. तेव्हापासून 'फेडू हळूहळू' म्हणत आलो. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी यांच्या फोनवर क्रेडिट कार्डाचा मेसेज पाहिला. मला वाटत होतं वीसेक हजार असतील, निघाले ८२ हजार. मला काळजी नको म्हणून हे बोलले नव्हते. त्या रात्री भांडण झालं नाही, दोघंही गप्प बसून होतो. सकाळी मुलीची कोरी शंभर पानी वही घेतली आणि सगळं लिहून काढलं. ते असं:

क्रेडिट कार्ड ८२,०००, महिन्याला साडेतीन टक्के.
पर्सनल लोन २,४०,००० बाकी, १४.५ टक्के, हप्ता ८,२६०, अजून ३६ महिने.
सोनेतारण ९०,०००, साडेनऊ टक्के, नोव्हेंबरात मुदत. माझ्या आईच्या पाटल्या आहेत.
यांच्या कंपनीतली पतसंस्था ६०,०००, ११ टक्के, पगारातून २,५०० कापतात.
धाकट्या दिरांकडून हातउसने ५०,०००.

एकूण ५,२२,०००. हा आकडा आम्ही दोघांनी आयुष्यात पहिल्यांदा एकत्र पाहिला.

हातात येतात यांचे ३४,५०० (पतसंस्थेची कपात जाऊन) आणि माझे साधारण ९,०००. भाडं, किराणा, शाळा, सासूबाईंची औषधं, पेट्रोल, लाइट-मोबाइल मिळून २९,५०० होतात. पर्सनल लोनचा हप्ता गेला की ५,७४० उरतात. त्यातून कार्डाचे किमान ४,१०० भरतो. राहिलेल्या १,६४० मध्ये काही ना काही निघतंच, मग पुन्हा कार्ड.

माझा प्रश्न: आधी सगळं कर्ज फेडायचं आणि मग बचत, की थोडी शिल्लक आत्तापासूनच टाकायची? आणि ध्येय ठरवायचं म्हणजे नेमकं काय ठरवायचं? 'कर्जमुक्त व्हायचं' हे आम्ही तीन वर्षं ठरवतोच आहोत.

सांजवेळ

ताई, वही मांडलीत हेच मोठं काम झालं. आमच्याकडे ती वही अजून निघालेली नाही. वाचतेय.

गणिताची वही

आधी कार्डाचं गणित बघा. ८२,००० वर साडेतीन टक्के म्हणजे २,८७० व्याज. व्याजावर १८ टक्के जीएसटी, ते ५१७. झाले ३,३८७. तुम्ही भरता ४,१००. म्हणजे मुद्दलातून जेमतेम ७१३ रुपये कमी होतात आणि त्याच महिन्यात हजाराचा किराणा कार्डावर घेतला की कर्ज वाढलं.

दुसरं, बाकी पूर्ण भरलेली नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज घेतलेल्या दुधाच्या पिशवीवरही आजपासून व्याज सुरू. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर सरळ आहे: कार्ड संपेपर्यंत बचत शून्य. आरडीवर सहा-सात टक्के मिळणार आणि कार्डाला वर्षाला ४२ जाणार. आरडीत टाकलेला प्रत्येक रुपया तोट्यात आहे.

लोकल ७.५२

गणित बरोबर, पण माझ्या बाबतीत उलटं झालं म्हणून लिहितो. २०२१ मध्ये मी अगदी असंच केलं. सगळे पैसे कार्डात ओतले, बाकी ६० वरून २२ हजारांवर आणली. खात्यात काहीही नव्हतं. मग मुलाला डेंग्यू झाला, चार दिवस दवाखाना, आणि कार्ड परत ५५ वर. मी मनाने इतका खचलो की पुढचे सहा महिने फक्त किमान रक्कम भरत राहिलो. गाठीला १५ हजार असते तर तसं झालं नसतं. कागदावर ते १५ हजार तोट्यात असतात हे मान्य, तरी ते असावेत.

जुनी खतावणी

मी सहकारी बँकेत कर्ज विभागात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. उंबरठाताई, तुमच्या वहीत उत्तर लिहिलेलं आहे, फक्त दोन ओळी शेजारी ठेवून बघा. एका ओळीत ४२ टक्के, दुसऱ्या ओळीत ११.

यजमानांच्या पतसंस्थेतून ८२,००० चं वाढीव कर्ज मिळतं का ते विचारा. ११ टक्क्यांनी २४ महिन्यांचा हप्ता ३,८२२ येतो. आज कार्डाला ४,१०० भरून कर्ज जागेवर आहे, तिथे त्याहून कमी भरून दोन वर्षांत ते संपतं. दोन वर्षांचं एकूण व्याज होईल ९,७०० च्या आसपास. कार्ड तेवढं तीन महिन्यांत खातं.

तीन गोष्टी सांभाळा. पगारदार पतसंस्था बहुधा कर्जातून शेअर्सची रक्कम कापून घेतात, त्यामुळे हातात पूर्ण ८२ येणार नाहीत. किती कापतात ते आधी विचारा. दोन जामीनदार लागतील. हप्ता चुकला तर जामीनदाराच्या पगाराला हात लागतो, तेव्हा कोणाला विचारायचं ते नीट ठरवा.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. कार्ड त्याच दिवशी बंद करा. नुसतं कापून कपाटात ठेवू नका. माझ्यासमोर किती माणसं आली, कार्ड फेडायला कर्ज घेतलं आणि वर्षाने दोन्ही घेऊन परत आली. बाकी पूर्ण भरून बंद करायची लेखी विनंती केली की रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड त्यांनी तुम्हाला द्यायचा. पूर्ण भरल्यावरही पुढच्या स्टेटमेंटला थोडं व्याज येतं, स्टेटमेंटच्या तारखेपासून भरल्याच्या तारखेपर्यंतचं. ते राहिलं तर खातं उघडंच राहतं. तेही भरा आणि बंद केल्याचं पत्र मागून घ्या.

गणिताची वही

काका, पतसंस्थेचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. कार्ड असं संपणार असेल तर शिल्लक टाकण्याबद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेतो. उरलेली सगळी कर्जं १५ टक्क्यांच्या आत आहेत, तिथे थोडे पैसे बाजूला ठेवणं परवडतं.

एक इशारा मात्र देतो. कार्ड फेडायला बाहेरून दुसरं लोन घ्यायची पाळी आली तर 'फ्लॅट' दर सांगतात का ते पाहा. १ लाखाला १२ टक्के फ्लॅट, तीन वर्षं, म्हणजे हप्ता ३,७७८. ऐकायला १२, पण घटत्या शिलकीवर मोजलं तर २१ टक्क्यांच्या वर जातं. कारण पहिल्या महिन्यापासून मुद्दल फिटत असतं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लावतात.

उंबरठा

काका, तुमचं उत्तर मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. जामीनदार म्हटल्यावर हे गप्प झाले. 'लाइनवरच्या लोकांना काय सांगू, घर चालत नाही म्हणून?' असं म्हणाले. मला त्यांचं मन कळतं. पण विचारणार आहेत.

पाटल्यांचं काय करू? माहेरचे म्हणतात एक विकून टाक, भाव लाखाच्या वर गेलाय.

रातराणी

विकून टाका. माझी आई आयुष्यभर सोनं सोडवत राहिली. दर वर्षी व्याज भरायचं, परत ठेवायचं. तिला 'पलटी' म्हणायचे आमच्याकडे. अकरा वर्षं पलटी केली आणि शेवटी व्याज भरायला पैसे नाहीत म्हणून लिलावात गेलं. ती पावती आईने मरेपर्यंत पाकिटात ठेवली होती. दोन पाटल्यांतली एक विकून दुसरी घरी येत असेल तर आणावी. लॉकरमधल्या तारणापेक्षा हातातली एक पाटली मोठी.

जुनी खतावणी

रातराणीताई, वाईट वाटलं वाचून. पण इथे माझं मत वेगळं आहे. साडेनऊ टक्क्यांचं सोनेतारण हे यांच्या व्याजाच्या कर्जांतलं सगळ्यात स्वस्त कर्ज आहे. घाई महाग कर्जाची करावी. सोनेतारणाला दोन नियम पुरेत: नोव्हेंबरचं व्याज आजपासून बाजूला काढायचं, वर्षाचे ८,५५० भागिले १२, महिन्याला निदान ७१२; नोव्हेंबरला बारा महिने नाहीत, तेव्हा कमी पडेल ते वरून घालायचं. आणि दर नूतनीकरणाला मुद्दलातून काहीतरी कमी झालंच पाहिजे, दोन हजार का होईना. मुद्दल हललं नाही तर ती पलटी, हललं तर ती फेड. तुमच्या आईंच्या बाबतीत ते मुद्दल तसंच राहिलं असावं.

रातराणी

हो, तसंच राहिलं होतं.

वारणाकाठ

नोकरदारांचं ठीक आहे, महिन्याला आकडा पक्का. आमच्याकडे उसाचं बिल येतं तेव्हा एकदम येतं आणि एकदम जातं. महिन्याचं ध्येय आम्हाला लागू पडत नाही. मी पाच वर्षांपूर्वी बिलाचे वाटे करायला सुरुवात केली. बिल जमा झालं की त्याच दिवशी पहिला वाटा विकास सोसायटीचा. आपल्या राज्यात ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर व्याज शून्य पडतं, मुदत चुकली की सवलत गेली. ती मुदत माझ्या घरी कॅलेंडरवर लाल पेनाने असते. दुसरा वाटा पुढच्या लागणीच्या खताचा, तो बायकोच्या खात्यात, मला हात लावता येत नाही. तिसऱ्यात वर्षभराचं घर.

आणि गावाकडच्यांसाठी: माझ्या चुलत्यांनी महिना दहा रुपये शेकड्याने सावकाराकडून घेतले होते. शेकडा दहा म्हणजे वर्षाला १२० टक्के. परवाना नसलेल्या माणसाला असा धंदा करताच येत नाही. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा आहे, तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची. सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळवायचीही तरतूद त्यात आहे. चुलते भीतीने तीन वर्षं गेले नाहीत. गेले तेव्हा त्यांचं ऐकून घेतलं गेलं.

सांजवेळ

माझ्या भावाचं मोबाइलवरच्या ॲपचं कर्ज आहे. सात दिवसांसाठी घेतलं होतं, आता आईला फोन येतात, रात्री दहाला सुद्धा. आईला बीपी आहे. काय करावं?

लोकल ७.५२

सांजवेळ, घाबरू नका. वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. नातेवाइकांना छळणंही नियमात बसत नाही. तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा, स्क्रीनशॉट काढा. ॲपच्या मागे कोणती बँक किंवा वित्तसंस्था आहे ते करारात शोधा; रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार पैसे त्या संस्थेच्या खात्यातून थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवेत आणि मुख्य अटींचा कागद द्यायला हवा. संस्था नोंदणीकृत असेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. बोगस असेल तर सायबर पोलीस, १९३० हा क्रमांक. आणि एक ॲप फेडायला दुसरं ॲप घेऊ देऊ नका. भावाला आजच जवळ बसवा. रागावू नका, फक्त मोबाइलमधली सगळी ॲप मोजा.

सांजवेळ

पाच निघाली. आम्हाला एकच माहीत होतं. आज रात्री आम्हीही वही काढतो आहोत.

कळसूबाई

उंबरठाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे परत येते, ध्येय म्हणजे काय. मी बचत गटांबरोबर काम करते. आमच्या बैठकीत 'कर्ज फेडायचंय' असं कुणी म्हणालं की आम्ही तीन प्रश्न विचारतो: कोणतं, किती, कधीपर्यंत. 'शिवणयंत्राचे उरलेले ६ हजार, नागपंचमीपर्यंत' असं उत्तर आलं की ते इतिवृत्तात लिहितो. पुढच्या महिन्यात त्या बाईला सगळ्याजणी आपणहून विचारतात. न विचारता फिटलेलं कर्ज मी फार कमी पाहिलंय.

ताई, तुम्ही पाचही कर्जांना असं एकेक वाक्य लिहा. आणि सगळ्यांत वर शिल्लक: '१५,०००, दिवाळीपर्यंत'. पोस्टाची आरडी यासाठी घेऊ नका, ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांआधी मोडता येत नाही. पिग्मी (थोडे थोडे पैसे भरत राहायचं खातं) किंवा बँकेची छोटी आरडी बरी. पिग्मी पतसंस्थेत असेल तर लक्षात ठेवा, बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं.

अजून एक. दोघांच्याही बँक खात्यावर जीवनज्योतीचा विमा आहे का? वर्षाला ४३६ रुपयांत २ लाख. अपघाताचा सुरक्षा विमा २० रुपयांत. पाच लाखांचं कर्ज असलेल्या घरात कमावत्या माणसाला हे असायलाच हवेत. आणि सासूबाईंचं नाव रेशनकार्डावर आहे ना ते बघा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेला ते लागतं. घरं कर्जात जातात ती बहुतेक दवाखान्यामुळेच, हे मी वीस वर्षं बघते आहे.

उंबरठा

लिहिलं. वहीच्या पहिल्या पानावर, मुलीच्या अक्षरात. तिलाही सांगायचं ठरवलं. हे नको म्हणत होते, पण तिला सहलीला 'नाही' म्हणताना कारण सांगता येत नव्हतं, ते मला जास्त लागत होतं. तिने विचारलं, 'म्हणजे आपण गरीब आहोत का?' मी म्हटलं, आपण देणेकरी आहोत, आणि कधीपर्यंत ते तू आत्ताच लिहिलं आहेस.

उंबरठा

धागा वर काढते आहे. एप्रिलमध्ये लिहिलं होतं, आता नोव्हेंबर. कुणाला उपयोग होईल म्हणून सगळे आकडे देते.

मे महिन्यात पतसंस्थेचं कर्ज मिळालं. शेअर्सचे पैसे कापले, तेवढे माझ्या मे महिन्याच्या शिकवणीतून घातले. जामीनदार झालेल्या दोघांपैकी एकजण यांना म्हणाला, 'मी पण तुलाच विचारणार होतो.' दोघांनी एकमेकांच्या अर्जावर सह्या केल्या. तीन वर्षं शेजारच्या मशिनवर उभी राहणारी माणसं, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण एकटेच आहोत. हे त्या दिवशी घरी आले ते चेहऱ्यावरचं ओझं उतरवून.

कार्डाचं शेवटचं स्टेटमेंट काका म्हणाले तसंच १,१४० रुपयांचं आलं. भरलं, बंद केल्याचं पत्र घेतलं.

जूनपासून शिकवणीची एक तुकडी वाढवली, २,५०० जास्त येतात. संध्याकाळी साडेआठ वाजतात, स्वयंपाक यांनी उचलला आहे. सहा महिन्यांचे ते १५,००० भाऊजींना दिले. ते घेत नव्हते. म्हटलं, पूर्ण होईपर्यंत मला भाऊबीजेला मोकळेपणाने ओवाळता येणार नाही. मग घेतले.

पिग्मीत महिन्याला हजार टाकत होतो. ऑगस्टच्या शेवटी सासूबाई न्हाणीत घसरल्या, मनगटाला प्लास्टर, एक्स-रे, औषधं. साडेतीन हजार गेले. पिग्मीत जेमतेम चार होते, त्यातून भागलं. लोकलदादा, त्या दिवशी तुमची फार आठवण झाली. खातं जवळजवळ रिकामं झालं तरी कर्ज एका रुपयाने वाढलं नाही. तीन वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं.

दिवाळीचा बोनस २२,००० आला. सोन्याच्या व्याजासाठी साठवलेले धरूनही २,२५० कमी पडत होते, ते त्यातून घातले, १२,००० मुद्दलात भरले, ७,७५० शिल्लकीत. पाटल्या विकल्या नाहीत. सोनेतारण आता ७८,०००. रातराणीताई, मुद्दल हललं.

आजची वही: पर्सनल लोन २,०१,०००, पतसंस्थेचं जुनं ४६,०००, नवं ६३,०००, सोनं ७८,०००, भाऊजी ३५,०००. एकूण ४,२३,०००. शिल्लक ११,२५०. दिवाळीपर्यंत १५ ठरवली होती, ती झाली नाही. मुलीने पहिल्या पानावर 'दिवाळी' खोडून 'संक्रांत' लिहिलं आहे.

जुनी खतावणी

उत्तम. आता सिबिलचा, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींचा, अहवाल काढा, वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. कार्डासमोर 'क्लोज्ड' लिहिलं आहे ना तेवढं पाहा. 'सेटल्ड' (म्हणजे पूर्ण न भरता तडजोडीने मिटवलेलं) असेल तर लगेच पत्र जोडून दुरुस्ती मागा, नाहीतर पुढच्या कर्जाला त्रास होतो.

आणि पर्सनल लोनच्या करारात मुदतीपूर्वी फेडीला किती आकार आहे ते वाचून इथे सांगा. पुढच्या बोनसचं त्यावर ठरवू.

उंबरठा

अहवाल काढला काका. 'क्लोज्ड' आहे. प्रिंट वहीत चिकटवली. करार रविवारी शोधते, कपाटातल्या कुठल्या पिशवीत आहे ते यांना ठाऊक आहे.